सतरा आठे

वायफाय ही आळशी माणसांची सोय आहे. हे मी आमच्या इमारतीत बऱ्याच जणांना सांगितलं आणि एकालाही पटलं नाही. त्यावरून ते खरं असावं.

आम्ही बदलापूर पूर्वेला, कात्रपच्या बाजूला राहतो. निवृत्त होईपर्यंत मी अंबरनाथच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. मुलांवर मला कधी चिडावं लागलं नाही. मुलं चुकतात, कारण ती शिकत असतात. मोठ्या माणसांच्या चुकांना असं काही कारण नसतं.

माझी मुलगी संध्या नर्स आहे. गेल्या वर्षी ती जर्मनीत एका वृद्धाश्रमात नोकरीला गेली. तिची मुलगी चैत्राली तिसरीत आहे, ती माझ्याकडे राहते. जावई विक्रांतराव अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळ्या करतात आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येऊन झोपतात.

रोज दिवेलागणीला, म्हणजे तिथल्या दुपारी, चैत्रालीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर मायलेकी बोलायच्या. बोलायच्या म्हणजे अर्धंच. चित्र गोठायचं, संध्याचं तोंड उघडं राहायचं, आवाज मागाहून यायचा. हळूहळू चैत्राली बोलेनाशी झाली. एकदा तर आईच्या गोठलेल्या चेहऱ्यावर फडकं टाकून ती खेळायला निघून गेली.

संध्याने मला फोन केला. "बाबा, ती मला विसरतेय. असंच चालणार असेल तर मी नोकरी सोडून परत येते."

"तू तिथेच राहा," मी म्हणालो. "लाइन मी सरळ करतो."

विक्रांतरावांकडे अर्थात उपाय तयार होता. "बाबा, मेश वायफाय घेऊन टाका ना. प्रत्येक खोलीत एक डबी. एकदम टकाटक."

"भिंतीतून सिग्नल जातो का, विक्रांतराव?"

"जातो की थोडाफार."

"थोडाफार म्हणजे किती?"

ते मोबाइलमध्ये बघू लागले. उत्तर सापडायच्या आत त्यांना झोप लागली.

मी उल्हासनगरला गेलो. कॅम्प तीनच्या बाजारात मुकेशचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. त्याने अभिमानाने एक काळा खोका पुढे केला. आठ अँटेना वर उभ्या. उलट्या पडलेल्या कोळ्यासारखा दिसत होता.

"अंकल, ये देखो. गेमिंगवाला! पूरा बिल्डिंग कव्हर."

"मला बिल्डिंग कव्हर करायची नाही. मला नुसत्या वायरचा राउटर हवा. एकही अँटेना नको. दोन कंपन्यांच्या लाइन घेणारा, एक पडली तर आपोआप दुसरीवर जाणारा. प्रत्येक खोलीचं जाळं वेगळं ठेवता येईल असा."

"ऑफिस के लिए?"

"घरासाठी."

"घरमें कौन लगाता है अंकल? लोक हसतील."

"हसू देत. तेवढंच येतं त्यांना."

त्याने पोटमाळ्यावरून एक राखाडी लोखंडी पेटी काढून दिली. वजनदार, पंखा नसलेली, पुढे ओळीने भोकं आणि प्रत्येक भोकावर एक बारीक हिरवा दिवा. खरी वस्तू हातात घेतल्यासारखं वाटत होतं.

बिल्डरने भिंतीत पाइप टाकले होते, पण ते सिमेंटने बुजले होते. बिल्डरकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. मी वायर छताच्या कडेने, पट्टी मारून, सरळ रेषेत चैत्रालीच्या खोलीत नेली. ती स्टुलाशेजारी खिळ्यांची डबी धरून उभी होती.

"आबा, राउटर म्हणजे काय?"

"म्हणजे पोस्टमन. कुठलं पत्र कुठल्या खोलीचं, हे त्याला ठाऊक असतं. हे तुझ्या खोलीचं भोक. वरचा दिवा लुकलुकला म्हणजे काय?"

"पलीकडे कोणीतरी आहे."

"आणि विझला म्हणजे?"

"पलीकडे कोणी नाही."

"शाब्बास. आता आलं."

हे माझं नेहमीचं वाक्य. ते मिळेपर्यंत मुलं तोच धडा पुन्हा पुन्हा म्हणतात आणि मिळालं की फुलतात.

दोन लाइन घेतल्या. एक मोठ्या कंपनीची, दुसरी आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याची. त्या दिवसापासून चित्र एकदाही गोठलं नाही. चैत्राली परत बोलू लागली, पुढे तर तिला जेवायला हाका मारून उठवावं लागे. विक्रांतरावांना मी ती पेटी मुद्दाम दाखवली. ते म्हणाले, "पण हिला वायफाय नाही?"



पुढे एका आठवड्यात काही बारीकसारीक गोष्टी झाल्या. चैत्राली खुर्चीत बसायच्या आधीच तिच्या खोलीचा दिवा लुकलुकत असे. मी दारातून डोकावलो तर पडद्यावरची संध्या बोलणं थांबवून नुसती माझ्याकडे बघून हसे. तिच्या मागची खिडकी काळीकुट्ट होती. तिथे तर दुपार असायला हवी. जाड पडदे असतील, मी मनाशी म्हटलं. त्या देशात माणसं उजेडाची पण काटकसर करत असतील.

"आई काय विचारते गं इतकं?" मी जेवताना चैत्रालीला विचारलं.

"ती सगळंच विसरलीय. आमटी कशी लागते ते विचारते. आणि मी तिला पाढे शिकवते."

मला हसू आलं. पाढ्यांत संध्या लहानपणापासून कच्ची. सतरा आठे म्हणताना ती दरवेळी 'एकशे सव्वीस' म्हणायची, मग नाकातून हसून 'चुकलं, चुकलं' म्हणायची. शाळेत म्हणायची, नर्स झाल्यावर म्हणायची, चैत्रालीला शिकवतानाही तेच. शिकलेल्या बाईने तिथेच किती वेळा पडावं, याची मला लाज वाटे.

त्या आठवड्यात मी भिंतीपलीकडून संध्याचा पाढा ऐकला. सतरा आठे एकशे छत्तीस. अडखळणं नाही, हसणं नाही. सतरा नवे एकशे त्रेपन्न. पेटीवर दिवा शांतपणे लुकलुकत होता.

उशिरा का होईना, सुधारली. मला बरं वाटलं.

मग त्याच शुक्रवारी गटाराचं काम करणाऱ्यांच्या जेसीबीने कोपऱ्यावरचा खांब आडवा केला. दोन कंपन्या, दोन बिलं, दोन प्रकारच्या थापा. आणि दोघांच्या वायरी त्याच एका खांबावरून आलेल्या. मी खाली जाऊन मुकादमाला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, "काका, रेंज येईल दोन दिवसांत." केबलला रेंज म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलणार?

वर आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चैत्रालीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून पाढा चालू होता. आधी तिचा आवाज, मग संध्याचा.

म्हणजे एक लाइन वाचली तर. मी विजयाने पेटीजवळ गेलो.

बाहेरून येणाऱ्या दोन्ही लाइनींचे दिवे विझलेले होते. माझ्या कॉम्प्युटरचा दिवा विझलेला होता.

चैत्रालीच्या खोलीचा लुकलुकत होता.

मी पेटीसमोर उभा होतो तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. संध्या.

"बाबा, कशी आहे चैतू? रुसलीय का माझ्यावर?"

"रुसेल कशाला?"

"आठवडाभर कॉल नाही केला ना मी. दुपारची ड्यूटी लागलीय, आत्ता जेमतेम पाच मिनिटं मिळाली. विक्रांतला सांगितलं होतं तुम्हाला कळवायला. त्याने नाही सांगितलं?"

विक्रांतरावांनी सांगितलं नव्हतं. एरवी मला त्यावर पुष्कळ बोलता आलं असतं.

आतून संध्याचा आवाज म्हणाला, "सतरा पाचे पंच्याऐंशी."

मी हात पुढे करून चैत्रालीच्या खोलीची वायर पेटीतून उपटली. तिचं टोक माझ्या मुठीत होतं. भोक रिकामं होतं.

वरचा दिवा लुकलुकत राहिला.

"बाबा? ऐकताय ना?"

पडताळा घ्यायचा. मुलांना मी हेच शिकवत आलो. घाबरायच्या आधी पडताळा घ्यायचा. मी फोन स्पीकरवर टाकून पेटीवर ठेवला.

"संध्या, सतराचा पाढा म्हण."

"आत्ता? बाबा, बरे आहात ना तुम्ही?"

"म्हण."

ती हसली. मग म्हणू लागली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. तिच्या मागे भांड्यांचे आवाज होते, कोणीतरी म्हातारी खोकत होती. सतरा सत्ते एकशे एकोणीस. सतरा आठे एकशे सव्वीस.

नाकातून हसू आलं. "चुकलं, चुकलं."

माझे डोळे भरून आले. इतकी सुंदर चूक मी आयुष्यात ऐकली नव्हती.

खोलीतला पाढा थांबला होता.

किती वेळ थांबला होता, माझं लक्ष नव्हतं. दार तसंच लोटलेलं. आत कोणी हलत नव्हतं. कोणीतरी कान देऊन ऐकत असावं, तशी शांतता.

मग आतून संध्याचा आवाज आला. पहिल्यापासून.

सतरा एके सतरा.

सतरा दुणे चौतीस.

फोनवरच्या संध्यालाही ते ऐकू जात होतं.

सतरा सत्ते एकशे एकोणीस.

सतरा आठे एकशे सव्वीस.

नाकातून हसू. "चुकलं, चुकलं."

"बाबा," फोनवर संध्या हळूच म्हणाली, "चैतूजवळ कोण आहे?"

मी वायर मुठीत धरून दाराकडे निघालो. आतून चैत्राली बोलली. आवाज तिचा होता, सूर माझा.

"शाब्बास," ती म्हणाली. "आता आलं."