दर्याचा वाटा

महादेवरावांना यात काय मिळणार होतं ते आधी मांडतो. रामदासपेठेतला डॉक्टर जावई. पंगतीत पुढचा पाट. आणि सीताबर्डीवर जे लोक आजवर त्यांना नुसतं 'घडीवाला' म्हणायचे, त्यांच्या तोंडी 'महादेवरावजी'. एवढ्यासाठी माणूस समुद्रापर्यंत जातो, नागपूरचा असला तरी.

त्यांचं घड्याळांचं दुकान, त्याला लागून माझं भांड्यांचं. साल त्र्याहत्तर. विलायती घड्याळं तेव्हा बोटीतून चोरून किनाऱ्याला उतरायची. मुंबईचा दलाल मधे नको म्हणून फाल्गुनात महादेवराव स्वतःच कोकणातल्या एका कोळीवाड्यावर गेले. वाडीचं नाव सांगत नाही, तिथं लोक अजून नांदतात. सोबत दुकानातला केशव.

परत आले ते माल घेऊन आणि हसत.

"नानाजी, काय येडे लोक असतेत गा!"

हकिगत अशी. त्या वाडीचे पूर्वज दर्यावरचे लुटारू. वादळात खडकावर उभं राहून कंदील हलवायचे. बंदर आलं समजून जहाज तिकडे वळायचं आणि फुटायचं. माणसं बुडायची, माल वाडीत यायचा. त्यातला सगळ्यात चांगला नग मात्र खडकातल्या एका खळग्यात ठेवायचा. भरती येऊन तो घेऊन जायची. बुडालेल्यांच्या वतीनं दर्याचा वाटा. पुढे लूट बंद झाली, चोरटा माल सुरू झाला, वाटा तसाच राहिला. त्या दिवशीही बायजाबाई नावाच्या म्हातारीनं मालातून बायकांच्या हातातली एक सोन्याची घडी निवडून खळग्यात ठेवली होती.

"मी पहाटे तांब्या घेऊन तिकडे गेलो," महादेवराव म्हणाले, "अन् आलो उचलून. सोन्याची घडी पाण्यात टाकून राहिले होते, सांगा!"

केशव हसत नव्हता. "मालक, समुद्राचा होता थो वाटा."

"मंग येऊ दे त्याले घ्यायले. समुद्र काय एस्टीनं येते काय बे नागपुरात?"

मीही हसलो. बोलणं हसण्यासारखंच होतं.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, ती घडी पुष्पलताच्या हातात. महादेवरावांची एकुलती एक. डॉक्टरच्या आईनं मनगट धरून घडी निरखली, आणि पुढचा पाट पक्का झाला.

चैत्रात घडीच्या काचेनं आतून धुकं धरलं. नागपूरचा उन्हाळा, कपडा दांडीवर टाकेपर्यंत वाळतो. महादेवरावांनी घडी स्वतः उघडली. आत ठणठणीत कोरडं. बंद केली की पुन्हा थेंब.

मग पुष्पलतानं माठातून काढलेलं पाणी खारट लागायला लागलं. तिनं काढलेलंच. तिच्या आईनं, प्रयागबाईंनी, त्याच माठातून काढलं तर गोड. पोरीच्या मनगटावर पांढरा थर धरायचा, पुसला की पुन्हा. कूलरच्या वाळ्याला सुकटीचा वास येऊ लागला.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. पुष्पलता सरबत घेऊन आली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली.

"बाबा, थे लोक कंदील काहून हलवून राहिले?"

"कोणते लोक वं?"

"थे खडकावरचे. त्याइले सांगा ना, बंद करा म्हणून. आमचं जहाज तिकडेच चाललं."

महादेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. कंदिलांची गोष्ट पोरीला कुणी सांगितलेली नव्हती. सरबताला मी तोंड लावलं नाही.

"परत करून या," मी म्हणालो.

"लग्नाची गर्दी, नानाजी. अंबाझरी तलावात टाकली तर? पाणी थे पाणी."

हा माणूस दर्याशीही घासाघीस करत होता. पण त्याच रात्री पोरीनं उलटी केली, त्यात वाळू निघाली. सकाळी महादेवराव माझ्या दारात उभे. केशव यायला तयार नव्हता, म्हणून मी गेलो.

बायजाबाईनं महादेवरावांना ओळख दिली नाही. महादेवरावांनी घडी खळग्यात ठेवली आणि आम्ही वरच्या खडकावर बसलो. भर दुपारी भरती चढली. खळगा बुडाला, खालचा खडकही बुडाला. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं.

ओहोटी लागली. घडी जागच्या जागी होती.

बायजाबाई खाली उतरली. तिनं घडी उचलून उन्हात धरली.

"कोनाच्या हातात घातलं व्हतं?"

"पोरीच्या," महादेवराव म्हणाले.

तिनं घडी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ आपल्या हातानं मिटवली.

"न्या परत. ह्ये आता तुमचंच हाय."

गाडीत महादेवरावांनी मूठ उघडली. काचेवरचं धुकं गेलं होतं. आत एक थेंब नाही.

"पाहा नानाजी, कशी लख्ख झाली! माफ केलं त्यानं. अन् घडीही वापस!"

कल्याणला त्यांनी मला चहा पाजला, स्वतःच्या खिशातून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तो प्यालो, पण म्हातारीनं मिटवलेली ती मूठ माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

घरी मांडव घातलेला होता. मांडवाखाली बायका बसल्या होत्या.

प्रयागबाईंनी सांगितलं ते एवढंच. पुष्पलता रोजच्यासारखं हळदीचं उटणं लावून न्हाणीत गेली. आतून कडी. हाक दिली, ओ नाही. दार फोडलं. बादली काठोकाठ भरलेली, तांब्या पालथा. खिडकी वीतभर. पोर नाही.

"कधी?" मी विचारलं.

"परवा. दुपारी."

आम्ही खडकावर बसून भरती बघत होतो, ती दुपार.

मी न्हाणीत डोकावलो. भिंती वाळत होत्या, वाळतील तशा पांढऱ्या होत होत्या.

मी वर पाहिलं.

छताला हळदीचे दोन हात उमटले होते. बोटं फाकलेली.

आता हिशोब. डॉक्टरला त्याच मोसमात दुसरी मुलगी मिळाली. केशव उमरेडला जाऊन कापडाच्या दुकानात लागला, घडी वापरत नाही. मी ज्या गोष्टीवर हसलो, तिच्यातून माझ्या वाट्याला फक्त एक चहा आला. महादेवरावांना घडी फुकट मिळाली. ती दुकानाच्या कपाटात आहे, वेळ अचूक दाखवते, काच कोरडी.

प्रयागबाई अजून माठातलं पाणी काढून आधी जिभेला लावतात. खारट लागतं का बघतात.

गोडच लागतं.