दाब वाढवायची गरज नाही

तापमान—

"कन्व्हर्टर कुणी तापवला?"

प्रतिभा सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातल्या लॅबमधून थेट कंट्रोल रूममध्ये शिरली. खुर्चीत नवीनच माणूस. एका हातात चहाचा ग्लास.

"मी. ज्ञानेश, नवा शिफ्ट इंजिनिअर. काम जरा वेगात व्हावं म्हणून…"

"वेगात होतंय. आणि तितक्याच वेगात मोडतंय. एवढ्या उष्णतेत तयार झालेला वायू परत फुटतो, साहेब. सल्फर डायऑक्साइड तसाच धुराड्यातून निघालाय. अख्खं अंबड खोकतंय."

"तुम्ही नेहमी अशीच ओळख करून घेता, मॅडम?"

"चूक असेल तर."

"मग रोज एखादी करावी म्हणतो."

ती न हसता बाहेर पडली. हसली ती पार लॅबमध्ये पोचल्यावर.

त्याने तापमान उतरवलं. आकडे सुधारले. ते फोनवर सांगता आले असते, पण प्रतिभा स्वतः घेऊन जायची. तोही वाचायला उगीच वेळ लावायचा.

दाब—

घरी आईचा. "रविवारी सायखेड्याची माणसं येतायत. मुलगा चांगला आहे. लगेच हो म्हणायचं."

शनिवारी ती त्याला हवा ढकलणाऱ्या ब्लोअरपाशी गाठून म्हणाली, "दाब वाढवला तर आम्ल वाढेल ना?"

"किंचित. पण इथे गरजच नाही. साध्या दाबालाच जवळपास सगळं जुळून येतं. उगाच जोर लावून काय मिळणार?"

"उद्या मला बघायला येतायत."

तो हळूच म्हणाला, "मला वाटलं… घाई केली तर बिघडेल. म्हणून मी आपला—"

"आणि फारच गार ठेवलं तर काय होतं हो, इंजिनिअरसाहेब?"

"उत्प्रेरक काम करत नाही. सल्फर डायऑक्साइड आणि ऑक्सिजन नुसते… एकमेकांच्या शेजारून निघून जातात."

बोलला आणि स्वतःच थबकला.

"प्रतिभा—" मॅडम गळून पडलं. "आज संध्याकाळी आईला घेऊन तुमच्या घरी आलो तर?"

"हे माझ्या घरच्यांना विचारताय की मला?"

"आधी तुम्हाला."

"हो."

ब्लोअरच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"हो!" ती ओरडली. "हो म्हटलं!"

पलीकडे झाडणाऱ्या लताबाईंनी झाडू थांबवला. "अहो साहेब," त्या म्हणाल्या, "मला ऐकू आलं की!"