केरसुणीतली एकटी काडी

"आबा, मी तुमचा आलेख बिघडवला!"

ऋजुता रडवेली झाली होती. आबांच्या स्प्रेडशीटमध्ये (संगणकावरच्या आडव्या-उभ्या चौकटींच्या तक्त्यात) तिने नुसती एक कळ दाबली आणि आलेखाची रेघ भलतीकडेच गेली. पुन्हा दाबली, तर आणखी तिसरीकडे. किनाऱ्यावरच्या घरट्यातली कासवाची पिल्लं अमावास्येच्या उधाणाआधी बाहेर येतील का, हे त्या रेघेवरून कळायचं होतं. आली नाहीत, तर समुद्र घरटं बुडवणार होता; आणि आता अंडी हलवली, तर पिल्लं आतच दगावली असती.

आबा म्हणजे तिचे आजोबा, सागरशास्त्रज्ञ. काठी टेकत ते जवळ आले.

"बिघडलं काही नाही, बाळ. उद्या वाळू किती तापेल, मला तरी कुठे ठाऊक आहे? म्हणून प्रत्येक कळीसरशी संगणक नवं हवामान कल्पून बघतो. हे सिम्युलेशन (लुटुपुटूचा प्रयोग)."

"म्हणजे सगळ्या थापाच!" कुर्ली म्हणाली. वाळूचं तापमान मोजत तिरकं चालणारं हे छोटं यंत्र फार बोलायचं.

"गप गं. आकडे तुझेच आहेत त्यात."

आबांनी पडद्यावर बटर पेपर लावला. ऋजुता कळ दाबायची आणि उमटलेली रेघ गिरवायची. हळूहळू कागद भरला.

"केरसुणी!" ती ओरडली.

"अगदी! मूठ आहे ती अंड्यांतल्या पिल्लांची आजवरची वाढ, म्हणून एकच रेघ. पुढे जितकं लांब बघू, तितक्या काड्या पसरतात. जिथे त्या दाट, तिकडे कल (घडण्याची जास्त शक्यता)."

दाट काड्या अमावास्येच्या आधीच वर, पिल्लं बाहेर येण्याच्या खुणेपर्यंत, पोचत होत्या. एकच एकटी काडी मागे राहिली होती. ऋजुताने खोडरबर उचललं.

"खोडू नकोस. त्या काडीत आभाळ भरून आलंय आणि वाळू गार पडलीय. तसंही होऊ शकतं."

मग त्या एका काडीसाठी दोघांनी घरट्यापुढे वाळूच्या पिशव्यांचा बांध घातला. आबा दमायचे, बसायचे, पुन्हा उठायचे.

आणि खरंच आभाळ भरून आलं. अमावास्येला उधाण बांधावर आपटून परतलं, तेव्हा अंडी अजून वाळूतच होती. नंतर एका सकाळी वाळू हलली आणि इवलीशी डोकी वर आली.

"एकटी काडी जिंकली!" कुर्ली गोल गोल फिरली.

परतताना ऋजुताने विचारलं, "आबा, पुढच्या हंगामाला तुम्ही असाल ना?"

आबा थोडं चालले. "माझ्या डॉक्टरांकडेही एक केरसुणी आहे. बऱ्याच काड्या तिथवर पोचत नाहीत."

"सगळ्याच?"

"सगळ्या नाही."

घरी आल्यावर ऋजुताने पुढच्या हंगामासाठी कोरा बटर पेपर काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि आबांची खुर्ची आपल्याजवळ ओढून ठेवली.