पुलाचा चढ

पुलाच्या ऐन चढावर वेणूची गाडी बंद पडली. शेजारून रिक्षा, दुचाक्या हॉर्न वाजवत निघून जात होत्या. तिचा ब्रेकवरचा पाय जरा सैल झाला आणि गाडी मागे सरकली...

आरशात चिकूच्या क्रेटनी भरलेला टेम्पो दिसत होता. बराच मागे थांबलेला. त्याने हॉर्न वाजवला नव्हता. टेम्पोवाला उतरून खिडकीशी आला.

"बेन, हँडब्रेक ओढा. आता कुठे जात नाही गाडी."

"निघताना पुन्हा मागे आली तर?"

"म्हणून तर एवढी जागा सोडलीय. क्लच हळू सोडा. गाडी थरथरली की हँडब्रेक खाली."

"गाडीच काय, मीपण थरथरतेय."

"ते चालेल," तो हसला. "क्लचला घाई नको, बस."

तो हार्दिक. वाडीतले चिकू रोज तलासरीच्या पुढे, गुजरात सीमेवरच्या अच्छाडला न्यायचा. वेणू तलासरीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायची. रस्ता एकच, त्यामुळे पुढे रोजच पुलाच्या अलीकडे टेम्पो तिच्यामागे यायचा, आणि तलासरीत दोघं चहाला थांबायची.

पण सोमवारपासून तिला पहाटेची पाळी होती. त्या वेळी ना एसटी, ना हार्दिकचा टेम्पो. एकटीला जमलं नाही, तर नोकरी सोडावी लागणार होती.

शनिवारी ती म्हणाली, "आता मागे येऊ नका."

हार्दिकचा कप ओठांशीच थांबला. "काही चुकलं माझं?"

"तुम्ही मागे असलात की चढ सोपा वाटतो. मग मला खरंच येतं की नाही, कसं कळणार?"

"बरोबर आहे." तो कपात बघत राहिला. "म्हणजे आता... भेटच नाही?"

वेणूने सगळा विचार केला होता. एवढा एक सोडून.

"उद्या शेजारी बसा," ती म्हणाली. "शिकवायचं मात्र नाही."

"बेन, मला दुसऱ्याच्या गाडीत बसायची भीती वाटते."

"आधी ते बेन म्हणणं बंद करा. बहीण नाही मी तुमची." बोलून गेली आणि तिचे कान तापले.

रविवारी नेमका चढावरच पुढचा ट्रक थांबला. मागे एक जीप अगदी चिकटून उभी राहिली. शेजारी बसलेला हार्दिक पायाने तिथे नसलेला ब्रेक दाबत होता. वेणूने हँडब्रेक ओढला. ट्रक हलला. तिने क्लच सोडला, हळू... अजून हळू... गाडी थरथरली, हँडब्रेक खाली गेला, आणि गाडी जराही मागे न येता वर चढली.

गाडी पूल उतरली.

"वेणू," तो पहिल्यांदाच नुसतं नाव घेऊन म्हणाला, "हात धरला तर... चालेल?"

तिने आरसा पाहिला. इंडिकेटर दिला.

"मला अजून दोन्ही हात लागतात," ती म्हणाली. "तलासरीला गाडी उभी केली की धरा."

हार्दिक खिडकीबाहेर बघू लागला. रोज या रस्त्याने जाणाऱ्या त्या माणसाने थोड्या वेळाने हळूच विचारलं, "अजून किती लांब आहे तलासरी?"