हिरव्या पाण्याचा अहवाल

"हा पराक्रम तुमचा का?"

मी वळून पाहिलं. तळ्याच्या काठावर, अगदी माझ्या पाठीशी, एक तरुण उभा होता. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या आणि... चक्क पोपटी! हातात काचेची बरणी, बरणीत तसंच पोपटी पाणी, आणि त्या पाण्यातून एक केशरी मासा माझ्याकडे डोळे वटारून पाहत होता.

तो रंग माझाच होता. नाकबूल करायला जागाच नव्हती.

झालं असं, की मी पाण्याची डॉक्टर. आमची छोटीशी सल्लागार संस्था आहे. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, सर आणि मी. आजारी तळी बरी कशी करायची, पाणी कुठे वाया जातं, घाण कुठून येते, हे सांगणं आमचं काम. या वसाहतीच्या तळ्याला वास यायला लागला, मासे उलटे तरंगायला लागले, तेव्हा समितीने आम्हाला बोलावलं. सांडपाणी तळ्यात कुठून शिरतंय ते शोधायला सकाळी मी वरच्या गल्लीतल्या गटारात रंग सोडला होता. अगदी निरुपद्रवी रंग. मग ऐटीत तळ्यात उतरणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले. नाल्यातून हिरवं पाणी येणार, मी फोटो काढणार, सर शाबासकी देणार! दुपार झाली तरी नाल्यातून एक ठिपका येईल तर शपथ. आणि इकडे हा माणूस बरणी घेऊन हजर.

"कुठे मिळालं हे पाणी?" मी इतक्या आनंदाने विचारलं की तो दचकलाच.

"माझ्या दुकानात. शोभेचे मासे विकतो मी. सगळ्या टाक्या हिरव्या झाल्यात. एक बाई विचारत होत्या, आज काही विशेष आहे का म्हणून!"

"पाणी कुठून घेता?"

"मागच्या विहिरीतून. पण ते नंतर." त्याने बरणी माझ्या नाकासमोर धरली. "आधी ह्याची माफी मागा."

मी माशाची माफी मागितली. खरंच मागितली! तो हसला... आणि मी, जी कामाच्या वेळी कोणाकडे ढुंकूनही पाहत नाही, ती बघतच राहिले. मग भानावर येऊन त्याच्यामागोमाग विहीर पाहायला निघाले.

दुकान लांबट होतं. दोन्ही भिंतींना टाक्या, निळसर दिवे, पंपांची गुणगुण. मागच्या अंगणात विहीर, आणि तिचं ओसंडणारं पाणी एका नळीतून थेट तळ्यात. मला सगळं उलगडलं. गटाराची वाहिनी जमिनीखाली कुठेतरी फुटली होती, ती घाण विहिरीत झिरपत होती, आणि विहिरीतून तळ्यात जात होती.

"दोन महिने झाले, मासे मलूल आहेत," तो म्हणाला. "खाणं बदललं, औषधं बदलली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

"तुमचं नाही. विहिरीचं चुकतंय."

"विहिरीला नावं ठेवायची नाहीत हं, मॅडम. बाबांनी खणून घेतलीय. दुकान तिच्याच जिवावर चालतं."

आणि वाहिनी दुरुस्त होईपर्यंत ही विहीर बंद ठेवावी लागणार, हे मला त्याच क्षणी दिसलं होतं. पण नुसत्या अंदाजावर बोलायचं नाही, असं सरांनी शिकवलंय. मी ती शिकवण फार मनापासून पाळली.

नमुन्यांसाठी रोज जावं लागायचं. म्हणजे... दिवसाआड पुरलं असतं. मी रोज जायची.

"रोज बाटल्या भरून नेता. विहीर आटेल एक दिवस."

"अर्धा लिटरच तर नेते."

"आणि कठड्याशी उभं राहून गप्पा मारता, त्या किती लिटर?"

"त्यांचं मोजमाप आमच्या प्रयोगशाळेत होत नाही."

"मग कुठे होतं?" त्याने इतक्या निरागसपणे विचारलं की मला बाटलीचं झाकणच सापडेना. ते माझ्या दुसऱ्या हातात होतं.

एकदा मी निघताना भुरभुर सुरू झाली. तो छत्री घेऊन धावत आला, आणि ती त्याने धरली कुठे, तर माझ्या नमुन्यांच्या पेटीवर!

"अहो, मी भिजतेय!"

"नमुने महत्त्वाचे. तुम्ही काय, पाण्यातल्याच."

आणि मग, माझ्याकडे न बघता, त्याने छत्री हळूच माझ्या बाजूला कलती केली. बसथांब्याशी पोचलो तेव्हा त्याचा एक खांदा पूर्ण भिजला होता, आणि मला तो पुसावासा वाटत होता.

आईच्या नजरेतून काही सुटत नाही. "डबक्याचं पाणी आणायला कानात डूल घालून जातात का गं?" तिने विचारलं. वहिनी फिसकन हसली. मी पेटी उचलून पळ काढला.

निष्कर्ष आले. अंदाज खरा ठरला होता. वसाहतीच्या सभेत मी अहवाल मांडणार होते, त्याच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेले, कारण ही गोष्ट त्याला चारचौघांत कळावी हे मला सहन होणार नव्हतं.

"विहीर बंद करावी लागेल," मी एका दमात सांगून टाकलं. "सहा महिने तरी."

त्याच्या हातातला माशांच्या खाण्याचा डबा तसाच राहिला.

"हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुम्हाला?"

"अंदाज होता..."

"आणि रोज इथे उभ्या राहून हसत होतात?"

"ते हसणं खोटं नव्हतं," मी म्हणाले. पण तो टाकीकडे वळला होता. उद्या सभेला येईन, एवढंच बोलला. घरी जाताना मला कधी नव्हे ते बसमध्ये रडू आलं.

सभा वसाहतीच्या हॉलमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, इतिवृत्त लिहायला चिटणीस काकू. तो अगदी मागच्या रांगेत बसला होता. मी अहवाल मांडला. वाहिनी दुरुस्त करा, तोवर विहीर बंद ठेवा, तळ्याच्या काठाने पाणवनस्पती लावा, म्हणजे पाणी पुन्हा श्वास घेईल.

खजिनदार काका ताडकन उठले. दुरुस्तीच्या खर्चाने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "या बाई रोज त्या मासेवाल्याच्या अंगणात असतात! सगळ्या वसाहतीने पाहिलंय. खर्च आमच्या गळ्यात, फायदा त्याचा. हा अहवाल मानायचा कसा?"

कुजबुज सुरू झाली. आमच्या धंद्यात रीत अशी, की अहवालातल्या माणसाशी तुमचा काही हितसंबंध असला, तर तो भर सभेत जाहीर करायचा. सर माझ्याकडे झुकले. "नसेल तर 'नाही' म्हण. विषय संपला."

'नाही' म्हणणं किती सोपं होतं! आमच्यात प्रेमाचा एक शब्द झाला नव्हता. पण ते खोटं ठरलं असतं, आणि खोट्यावर उभा असलेला अहवाल मला नको होता.

"आहे," मी म्हणाले. पंख्याचीसुद्धा कुरकुर थांबल्यासारखी वाटली. "मला तो आवडतो. फार आवडतो. त्याचं मला माहीत नाही... कालपासून बहुतेक मी त्याला आवडत नाही. तेव्हा नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. माझे आकडे चुकले तर अहवाल फाडून टाका."

चिटणीस काकूंचं पेन हवेतच राहिलं. "हे... इतिवृत्तात कसं लिहू गं?"

मागे खुर्ची सरकली. तो उभा राहिला होता.

"काका, माझा कसला फायदा? हिने माझी विहीर बंद करायला सांगितलीय. काल मी चिडलो. मग टाक्यांमधले मासे बघत बसलो. त्यांचं नक्की काय बिघडलंय हे मला फक्त हिनेच सांगितलं, तेही मी रुसेन हे माहीत असून." त्याने खिशातून किल्ली काढून पुढच्या माणसाच्या हातात दिली. "विहिरीला सकाळीच कुलूप लावलंय. किल्ली समितीकडे ठेवा."

किल्ली हातोहात पुढे आली.

"आणि काकू," तो म्हणाला. आता तो सरळ माझ्याकडे पाहत होता, आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. "हितसंबंध दुसऱ्या बाजूनेही आहे. लिहून घ्या."

काकूंनी खरंच लिहून घेतलं. मग चष्म्यावरून सभेकडे पाहत विचारलं, "अहवाल मंजूर करायचा तर अनुमोदक कोण?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी खजिनदार काकांचाच हात हळूहळू वर गेला. "अनुमोदन," ते पुटपुटले, "पण या पोरांच्या लग्नाचा खर्च समिती करणार नाही!"

हॉलमध्ये हशा पिकला. सर चष्मा पुसायला लागले. मला काहीच ऐकू येत नव्हतं. तो खुर्च्यांमधून वाट काढत, लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, माझ्याकडे येत होता.