निन्फाचे सुतक

निन्फाची आई गेली ते साल एकोणीसशे छप्पन. ऑगस्टात ती गेली आणि मार्सालातल्या त्यांच्या घराच्या दाराला काळी पट्टी लागली. आईचे सुतक दोन वर्षांचे. तेवढे दिवस मुलीने काळेच घालायचे, रविवारची चर्चमधली मिस्सा सोडली तर उंबरा ओलांडायचा नाही, लग्नाचे नाव काढायचे नाही. दाराची एक फळीही कायम बंद. निन्फा तेव्हा बावीस वर्षांची होती.

ऑक्टोबरात एका दुपारी समुद्राकडून जोराची सर आली आणि एक परका माणूस धावत त्या दाराच्या आडोशाला आला. निन्फा बंद फळीमागे मसूर निवडत होती. तिला त्याचा ओला खांदा तेवढा दिसला... भिजलेल्या लोकरीचा वास आला.

"आत या म्हणता येत नाही," ती म्हणाली. "सुतक आहे."

तो दचकला. "मला वाटलं, दारच बोललं!"

"दार कशाला बोलेल? घरात माणसं आहेत."

"माणसं? मला तर एकच आवाज येतोय... तोही गोड."

"मसूर फेकून मारीन हं."

त्याचे नाव लिबोरिओ. पान्तेलेरिया बेटावरचा, पिंपे बांधणारा. चार दिवसांनी पालेर्मोला अर्जेंटिनाची बोट धरायची होती. त्याआधी वाइनचे हे गाव एकदा बघावे, म्हणून आला होता.

"मग काय काय बघितलंत?" निन्फाने विचारले.

"तीन गोदामं, एक चर्च आणि अर्धं दार. दार आवडलं."

दाराच्या आत घरचे पिंप होते. निन्फा जन्मली तेव्हा भरलेले. दरवर्षी त्यातली थोडी वाइन काढायची, तेवढीच नवी घालायची, पिंप कधी रिकामे होऊ द्यायचे नाही, अशी त्या गावची रीत. लिबोरिओने हात लांबवून त्यावर टिचकी मारली आणि त्याचा चेहरा पडला.

"यंदा भरलं नाहीत?"

"आई गेल्यावर कुणाला सुचणार..."

"शिर्का होईल! वीस-बावीस वर्षांची वाइन ही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"लाकूड सांगतं."

"म्हणजे माझं वयही कळलं तुम्हाला."

"कळलं खरं—" तो थांबला. "वेळेत काहीतरी करायला हवं."

"पिंपाचं म्हणताय ना?"

"पिंपाचंही."

पाऊस थांबला होता. दोघांच्याही ते लक्षात आले नाही.

निन्फाचे वडील गास्पारे घरी आले, तेव्हा त्यांनीच त्याला पिंप भरायला बोलावले. त्या कामाला दोन दिवस लागले. मग पिंपाच्या लोखंडी कड्या ठोकायला आणखी तीन. बोट निघून गेली. लिबोरिओ एका गोदामात कामाला लागला आणि दोन वर्षे रोज संध्याकाळी त्या दाराशी येत राहिला. तो फळीच्या बाहेर, ती आत, मधे खुर्चीवर गास्पारे. गास्पारे झोपल्याचे सोंग घेत आणि बोटे बोटांजवळ गेली की खोकत.

अठ्ठावन्नच्या ऑक्टोबरात लग्न ठरले. सप्टेंबरात त्रापानीची आत्या गेली. नवे सुतक, एक वर्षाचे.

त्या संध्याकाळी निन्फाने शिवलेला पांढरा पोशाख पेटीत ठेवला आणि दाराशी आली.

"बाबांना तीन भाऊ आहेत," ती म्हणाली. "आईच्या दोन बहिणी. सगळे सत्तरीचे. एक सुतक फिटेल, दुसरं लागेल... माझे केस असेच पांढरे होतील. तू जा लिबोरिओ. बोटी अजून जातात."

"तिकीट परत केलं ना मी."

"केव्हा?"

"तू मसूर फेकणार होतीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ती रडली. गास्पारे त्या दिवशी खोकले नाहीत.

जानेवारीत मात्र त्यांना खराखुरा खोकला लागला. थुंकीत रक्त दिसले. डॉक्टर म्हणाले, ईस्टर दिसला तर नशीब. गास्पारेंनी दोघांना खाटेजवळ बोलावले.

"मी गेलो की पुन्हा दोन वर्षं," ते म्हणाले. "मला माझं सुतक तुझ्या गळ्यात घालायचं नाही, पोरी. ईस्टरआधीचा उपासकाळ लागला की लग्नं होत नाहीत, त्याच्या आत उरका."

"आत्याच्या सुतकात? लोक काय म्हणतील, बाबा?"

"म्हणू देत. मी थोडाच ऐकायला असणार आहे?"

"असं बोलू नका!"

"मग लवकर लग्न कर, म्हणजे बोलणार नाही."

पाद्री तयार झाला. घंटा वाजणार नाही, फुले नाहीत, पहाटे पाचला, आणि नवरी काळ्यातच. सात फेब्रुवारीचा शनिवार होता. बाहेर रिमझिम होती. लिबोरिओने गास्पारेंना खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये नेले आणि वेदीपाशी निन्फाच्या शेजारी येऊन उभा राहिला. मेणबत्तीच्या उजेडात तो तिच्याकडे बघतच राहिला.

"काय बघतोस?" ती कुजबुजली.

"अडीच वर्षं तुला अर्धीच बघत होतो."

"मग? उरलेली अर्धी आवडली का?"

"हो म्हण आधी," तो म्हणाला. "पाद्री थांबलाय."

ती हो म्हणाली. मागे खुर्चीवर गास्पारे खोकले नाहीत. रुमाल तोंडाशी घट्ट धरून बसले होते.

गास्पारे अकरा दिवसांनी, अठरा फेब्रुवारी एकोणीसशे एकोणसाठ, बुधवारी सकाळी वारले.