तीन हद्दींमधली फट

इथे आखातात, रुवीत, आमचं ऑफिस एका मनी एक्स्चेंजच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथे बसून आम्ही ब्राझीलच्या नगरपालिकांच्या हद्दी काढतो. मी ब्राझील पाहिलेलं नाही आणि पाहायची हौसही नाही. उपग्रहाचा फोटो, त्यावर रेघा, रेघांच्या आत नाव, झालं काम. आपल्याकडे शहर नगरपालिकेचं आणि खेडं ग्रामपंचायतीचं. तिकडे शेत असो, रान असो, दलदल असो, सगळं कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेतच बसवायचं. त्यामुळे आमच्या कामात एकच सोवळं पाळावं लागतं, ते म्हणजे हद्दींमध्ये फट राहता कामा नये.

हे सोवळं मला मनापासून आवडतं. घाणीची मला शिसारी येते. ऑफिसातला चहाचा कपही मी घरून धुऊन आणतो. शेजारच्या टेबलावरचा जिब्रान त्यावरून मला 'पंडितजी' म्हणतो.

त्या रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, मला एक फट सापडली. तीन नगरपालिका भेटतात तिथे एक तुकडा कुणाच्याच हद्दीत येत नव्हता. तिकोनी, आणि एक कोपरा कुणी दातांनी तोडावा तसा तुटलेला. उष्ट्या समोशासारखा. आजूबाजूला सगळं हिरवं आणि तेवढंच काळं, ओलसर, चकाकणारं.

"ये क्या है?" मी विचारलं.

जिब्रान वाकून बघत म्हणाला, "किसी का नहीं है ना, तो तीनों वहीं कचरा फेंकते होंगे. बंद करो, यल्ला, जल्दी."

अशी फट मोठ्या शेजाऱ्याला देऊन टाकायची आमची पद्धत आहे. मी दिली आणि घरी गेलो.

दार उघडताच बायकोने, विद्याने, पदर नाकाला लावला. तिला सातवा महिना लागला होता आणि नाक असं तिखट झालं होतं की कोथिंबीर कालची की आजची हे ती पिशवीतूनच सांगायची.

"क्षितिज, कशात पाय घालून आलायस? आधी अंघोळ कर."

अंघोळीनंतरही वास होताच. तो स्वयंपाकघरातून येत होता. सिंकमागच्या टाइल्सवर तळहाताएवढा काळा डाग उमटला होता. मी पुसला, तर फडक्याला चिकट, कोमट काहीतरी लागलं. त्यात केस होते. मला तिथेच उलटी झाली.

सकाळी ऑफिसात फट पुन्हा उघडी होती, आणि कालच्यापेक्षा मोठी. कुणीतरी जुनी फाइल उघडली असेल म्हणून मी पुन्हा बंद केली. संध्याकाळी डाग ताटाएवढा झाला होता.

आमच्या बिल्डिंगचे वॉचमन बाबामियाँ अॅसिड घेऊन आले. या माणसाने आयुष्यभर गटारं उपसलेली. ते सिंकखाली वाकले, उठले आणि जिन्यात जाऊन ओकले. खाली कचऱ्याची पेटी उतू चालली होती. मटणाची हाडं, डायपर, आंबलेला भात, त्यातून झिरपणारं पिवळं पाणी. कचऱ्याची गाडी पुढच्या पेटीपाशी थांबायची, मागच्या पेटीपाशी थांबायची, आमच्यासमोरून मात्र सरळ निघून जायची.

इथे नगरपालिकेला बलदिया म्हणतात. मी तक्रार केली तेव्हा यूनुस नावाचा एक साहेब आला. पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात फोन, फोनवर नकाशा.

"सदीक, मेरे दोस्त, ये मेरा एरिया नहीं."

"फिर किसका है?"

त्याने फोन आडवा धरला, उभा धरला. "उस तरफ वाले का."

त्या तरफवाल्याने तिसऱ्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्याने 'इन्शाल्ला' म्हणून फोन ठेवला. माझं डोकंच फिरलं. राहत्या बिल्डिंगला कुणी वाली नाही म्हणजे काय!

रात्री विद्या बाल्कनीत बसून लिंबू हुंगत होती. तिच्या पोटात दोन दिवस पाणीही टिकलं नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत हा वास गेला नाही तर मी चिपळूणला जाते. आईकडेच बाळंत होईन."

"नंतर तुला परत कधी येता येईल? मी बाळ बघणार कधी?"

"तू सांग. मी इथे श्वास तरी कसा घेऊ?"

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आम्ही माझ्या हट्टाने मोडली होती. बाळ जन्मल्या जन्मल्या मला ते हातात घ्यायचं होतं, व्हिडिओ कॉलवर बघायचं नव्हतं. पण तिचा उतरलेला चेहरा बघून मी तिकीट काढलं.

मग पाणी प्यायला आत गेलो आणि डागाकडे नीट पाहिलं. तो तिकोनी होता. एक कोपरा तुटलेला.

मी विज्ञान शिकलेला माणूस आहे. मी स्वतःवरच हसलो. पण ती फट मी जितक्या वेळा बंद केली, तितक्या वेळा घरी डाग वाढला होता, हेही खरं होतं.

गुरुवारी जिब्रान जेवायला गेल्यावर मी सोवळं मोडलं. फट कुणालाही दिली नाही. तिच्याभोवती रेघ मारली आणि तिचीच एक वेगळी नगरपालिका केली. नाव भरल्याशिवाय पुढे जाता येईना. मी 'तात्पुरतं' लिहिलं. लोकसंख्येच्या जागी शून्य टाकलं.

संध्याकाळी दार उघडलं तर वास नव्हता.

डाग होता. तो छतापर्यंत चढला होता.

सिंक काळ्या पाण्याने भरलं होतं आणि विद्या त्यात कोथिंबीर धूत होती, गुणगुणत.

"वास गेला?" मी विचारलं.

"कसला वास?"

तिने पोळी वाढली. पोळीवर तिच्या बोटांचे काळे ठसे होते. मी जेवलो. चव छान होती. बऱ्याच दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

"तिकीट रद्द कर," ती म्हणाली. "बाळ इथेच होऊ दे."

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी ऑफिसात गेलो. जिब्रानने मान वर केली, खिशातून रुमाल काढला आणि नाकावर घट्ट धरला. मग खुर्ची खिडकीपर्यंत ओढत नेली.

मी फाइल उघडली. नवी नगरपालिका जागच्या जागी होती. लोकसंख्येत मी भरलेलं शून्य मात्र नव्हतं.

तिथे तीन होतं.

घरात आम्ही दोघंच राहतो. बाळाला अजून वेळ आहे.